नऊ पिनांचा तो जुना पोर्ट बुजवू नका

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या संस्थेत चार सर्व्हर आहेत. तीन लिनक्सचे, एक विंडोजचा, सगळे एकाच रॅकमध्ये. मी मूळची हिशेबनीस, पण 'तुम्हाला कॉम्प्युटर येतो' म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. गेल्या महिन्यात फायरवॉलचा एक नियम लिहिताना चूक झाली आणि ज्या एसएसएचवरून (नेटवर्कवरून दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करण्याच्या सोयीवरून) मी तो नियम लिहीत होते, तेच बंद झालं. सर्व्हर चालू, दिवे लुकलुकताहेत, पण आत जायला वाट नाही. रॅकपाशी मॉनिटरही नव्हता. शेवटी वीज बंद करून पुन्हा चालू केली, तेव्हा सुटका झाली. आता केबलने थेट जोडलेला कन्सोल, म्हणजे नेटवर्कशिवाय सर्व्हरशी बोलायची जागा, घ्यायचं ठरवलंय. एक विक्रेता केव्हीएम स्विच, म्हणजे एकाच पडदा-कीबोर्डवर अनेक सर्व्हर आळीपाळीने दाखवणारी पेटी, घ्या म्हणतो. दुसरा म्हणतो, सर्व्हरमध्ये रिमोट मॅनेजमेंट आहेच, वेगळं काही नको. एका मित्राने सीरियल केबल सुचवली, पण ती मी पंधरा वर्षांत पाहिलेलीसुद्धा नाही. काय घ्यावं?

उत्तर : तो नियम कायमचा साठवून ठेवायला तुम्ही विसरलात, हे तुमचं नशीब. साठवला असता तर वीज बंद-चालू करूनही तोच पुन्हा आडवा आला असता. वाईट वाटून घेऊ नका. किल्ली आत ठेवून दार ओढून घेण्याचा हा प्रकार माझ्या हातूनही झाला आहे, आणि एकदाच नाही.

निकाल आधी सांगते, कारणं मागून. तिन्ही लिनक्स सर्व्हरना सीरियल केबल लावा. विंडोजसाठी, आणि बाकीच्यांच्या अडीअडचणीला, एक साधा मॉनिटर आणि तारेचा कीबोर्ड रॅकपाशी कायमचा ठेवा. रिमोट मॅनेजमेंट असेल तर जरूर वापरा, पण ते वेगळ्या पोर्टवर. केव्हीएम स्विच चार सर्व्हरसाठी मी तरी घेणार नाही.

कन्सोल निवडताना मी एकच गोष्ट बघते : हा चालायला आणखी काय काय धड असावं लागतं? एसएसएचचंच घ्या. नेटवर्क कार्ड, त्याचा ड्रायव्हर, आयपी पत्ता, रूटिंग, मधला स्विच, फायरवॉल आणि एसएसएचची सेवा, एवढं सगळं एकाच वेळी जागेवर लागतं. यातलं एक काही बिघडलं की तुम्ही बाहेर. मॉनिटर-कीबोर्डला नेटवर्क लागत नाही, पण ग्राफिक्सची चिप लागते, यूएसबी लागतं आणि मुख्य म्हणजे तुम्ही स्वतः तिथे उभं असावं लागतं. सीरियलला लागते एक साधी चिप आणि तीन तारा. एक जाणारी, एक येणारी, तिसरी ग्राउंड. त्यावरून जातात ती फक्त अक्षरं, एकामागून एक. या जोडणीचं आरएस-२३२ हे मानक १९६० सालचं आहे. या केबलचा नऊ पिनांचा पोर्ट आयबीएमच्या पीसी एटीपासून, म्हणजे १९८४ पासून रूढ झाला. इतकं जुनं असूनही ते सर्व्हरच्या पाठीवर अजून टिकून आहे, कारण त्यात बिघडण्यासारखं फार काही नाही.

आता केबलबद्दल, कारण पहिली ठेच इथेच लागते. सर्व्हरचा पोर्ट आणि तुमच्या संगणकाचा पोर्ट हे दोघंही पिन ३ वर बोलतात आणि पिन २ वर ऐकतात. सरळ केबल लावली तर दोघं एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून बोलत बसतात, ऐकत कुणीच नाही. म्हणून २ आणि ३ उलटसुलट केलेली केबल लागते, तिला नल मोडेम म्हणतात. पिन ५ ग्राउंडची, ती सरळ. दिसायला दोन्ही केबली सारख्याच, त्यामुळे हातात आल्या आल्या मी नल मोडेमवर लाल चिकटपट्टी लावते. लॅपटॉपला हा पोर्ट आता नसतोच, तेव्हा यूएसबी-सीरियल अडॅप्टर घ्यावा लागेल. एक नको, दोन घ्या. नेमक्या वेळी अडॅप्टर सापडत नाही, हा मी सत्तावीस वर्षांत एकदाही खोटा ठरलेला न पाहिलेला नियम आहे.

काही उपकरणांवर, विशेषतः नेटवर्कच्या स्विचवर आणि राउटरवर, कन्सोलचा पोर्ट आरजे-४५ म्हणजे हुबेहूब इथरनेटसारखा असतो. त्यात नेटवर्कची केबल खुपसून 'आयपी मिळत नाही' म्हणून तास घालवणारे मी पाहिलेत. तो इथरनेट नाही, तिथेही सीरियलच आहे. त्यासाठी बहुधा फिकट निळी, चपटी केबल मिळते. आणि एक सावधगिरीची गोष्ट : काही यूपीएसच्या पाठीवरही नऊ पिनांचा पोर्ट असतो, पण त्याची तारांची मांडणी कंपनीची स्वतःची असते. त्यात साधी सीरियल केबल लावली की यूपीएस तो बंद होण्याचा इशारा समजून खरंच बंद होऊ शकतो. मग चारही सर्व्हर एकदम. केबल कुठे लावतोय हे दोनदा बघा.

केबल लावली म्हणजे कन्सोल तयार झाला, असं मात्र नाही. सर्व्हरला तीन जागी सांगावं लागतं. पहिली जागा म्हणजे बायोस किंवा यूईएफआयचा, म्हणजे वीज दिल्यावर सर्वांत आधी चालणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्रामचा, सेटअप. तिथे 'कन्सोल रिडायरेक्शन' नावाचा पर्याय असतो. तो चालू केला की वीज दिल्यापासूनचे संदेश आणि खुद्द सेटअपचा पडदाही केबलवर येतो. घरगुती मदरबोर्डवर हा पर्याय सहसा मिळत नाही, सर्व्हरच्या बोर्डवर मिळतो. दुसरी जागा ग्रब, म्हणजे कुठला कर्नल (लिनक्सचा गाभा) चालू करायचा ते विचारणारा मेन्यू. तिसरी जागा कर्नल. त्याच्या सुरुवातीच्या ओळीत कन्सोल म्हणून पडदाही लिहा आणि पहिला सीरियल पोर्टही लिहा, दोन्ही चालतात. कर्नलचे संदेश दोन्हीकडे जातात, पण त्यापुढचे, सेवा चालू होतानाचे, शेवटी लिहिलेल्या कन्सोलवर जातात. म्हणून सीरियल शेवटी. हे ठाऊक नसलेला माणूस मॉनिटरसमोर उभा राहून 'अडकला, अडकला' म्हणत असतो आणि सर्व्हर बिचारा केबलवर सगळं सांगत असतो. सेवा चालू-बंद करणारा सिस्टमडी नावाचा प्रोग्राम असलेल्या सध्याच्या लिनक्समध्ये लॉगिनची ओळ वेगळी मागावी लागत नाही, कर्नलच्या ओळीत सीरियल दिसलं की ती आपोआप येते.

तिन्ही जागी वेग एकच ठेवा. जुनी सवय ९६०० ची, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांची आहे. माझं मत ११५२०० ला. हिशेब तुमच्याच पद्धतीने मांडते : एका अक्षराला दहा बिट लागतात, म्हणजे ९६०० वर सेकंदाला ९६० अक्षरं. ८० रकान्यांचा २५ ओळींचा भरलेला पडदा म्हणजे २००० अक्षरं, तो उमटायला दोन सेकंदांहून जास्त वेळ जातो. वाचायला तेवढं चालेलही, पण कर्नल भराभर संदेश टाकत असेल तर त्याला ते केबलवर उतरेपर्यंत थांबावं लागतं, आणि सर्व्हर चालू व्हायलाच उशीर होतो. ११५२०० वर तोच पडदा सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आत येतो.

आता केबलचं दुसरं टोक. तिथे लॅपटॉप धरून उभं राहण्याची गरज नाही. अडगळीत पडलेला एखादा लहान संगणक घ्या, त्याला तीन अडॅप्टर लावा, तिन्ही सर्व्हरच्या केबली त्यात आणा. प्रत्येक केबलवर जे येईल ते तारीख-वेळेसकट फाइलमध्ये लिहून ठेवायला लावा. कॉन्सर्व्हर नावाचा मोफत प्रोग्राम नेमकं हेच करतो. माझ्या लेखी सीरियलचा खरा फायदा हा आहे, आत शिरता येणं हा दुसरा. सर्व्हर रात्री कोसळला की मॉनिटरवर काय उरतं? शेवटच्या पंचवीसेक ओळी. कर्नल मेल्यावर कीबोर्डही मेलेला असतो, त्यामुळे वर सरकवून आधीचं काही बघता येत नाही, आणि मूळ कारण नेमकं त्या वर गेलेल्या ओळींत असतं. सर्व्हरच्या डिस्कवरची नोंद पाहावी, तर डिस्कच गेली असल्यामुळे ती लिहिलीच गेलेली नसते. केबलच्या पलीकडे बसलेल्या त्या म्हाताऱ्या संगणकाने मात्र सगळं टिपून ठेवलेलं असतं. आठवड्यातून दोनदा पहाटे कोसळणाऱ्या एका सर्व्हरवर आम्ही महिनाभर अंदाजपंचे औषधोपचार केले होते. मेमरी बदलली, कर्नल बदलला. शेवटी केबल लावली आणि तिसऱ्या दिवशी कळलं की डिस्क कंट्रोलर कोसळण्याच्या चाळीस मिनिटं आधीपासून तक्रार करत होता.

या संगणकाला सर्व्हरच्या नेटवर्कवरच ठेवून उपयोग नाही, हे सांगायला नको. निदान त्याला स्वतःचा कीबोर्ड आणि पडदा असू द्या. अडॅप्टर यूएसबीवर ज्या क्रमाने ओळखले जातात तो क्रम संगणक पुन्हा चालू झाल्यावर बदलू शकतो. म्हणून त्यांना क्रमांकाने न ओळखता त्यांच्या अनुक्रमांकाच्या नावाने ओळखा, नाहीतर एक नंबरचा समजून तीन नंबरचा सर्व्हर बंद कराल. काही अडॅप्टरना अनुक्रमांकच नसतो, घेताना तेवढं तपासा.

सीरियलचं कौतुक फार झालं, तेव्हा त्याचा एक काटाही सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी आमच्याकडे एका कंपनीचे युनिक्स सर्व्हर होते आणि त्यांना जोडलेले खरेखुरे टर्मिनल, काळा पडदा आणि हिरवी अक्षरं. संध्याकाळी निघताना, वीज वाया नको म्हणून, मी टर्मिनलचं बटण बंद केलं. मोठं पुण्याचं काम केल्यासारखं वाटलं होतं. सकाळी आले तर सगळी कचेरी माझ्याकडे बघत होती. टर्मिनल बंद होताना केबलवर जो झटका जातो, त्याला तो सर्व्हर 'ब्रेक' समजत असे, आणि ब्रेक आला की सगळं जिथल्या तिथे थांबवून तळाच्या फर्मवेअरच्या ओळीवर जाऊन बसे. आमचे वरिष्ठ आले, टर्मिनल चालू केलं, 'गो' एवढी दोन अक्षरं टाइप केली, आणि रात्रभर गोठलेला सर्व्हर जणू काही झालंच नाही अशा थाटात पुढे चालू लागला. मला ते फक्त म्हणाले, "बाई, इथे दिवे मालवायचे नसतात." लिनक्समध्ये ब्रेक एवढा जहाल नाही. उलट कामाचा आहे. सिसरिक्, म्हणजे कर्नलला थेट आज्ञा देण्याची सोय, चालू ठेवलं असेल तर ब्रेक पाठवून पाच सेकंदांच्या आत एक अक्षर दाबायचं. 'एस' दाबलं तर डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून होतं, 'बी' दाबलं तर सर्व्हर तडक पुन्हा चालू होतो. बाकी काहीच ऐकत नसलेला सर्व्हरही बहुतेक वेळा एवढं ऐकतो.

मॉनिटर-कीबोर्डकडे वळते. विंडोजलाही सीरियलवर एक सोय आहे. ईएमएस नावाची, २००३ च्या सर्व्हर आवृत्तीपासून. आयपी बघणं, पुन्हा चालू करणं, कमांडची खिडकी उघडणं एवढं तीत होतं. पण विंडोज खरं रुसतं तेव्हा ते चित्रातच बोलतं. १९ जुलै २०२४ आठवत असेल. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातली, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. उपाय एवढाच होता की सेफ मोडमध्ये जायचं आणि एक फाइल पुसायची. पण त्यासाठी बहुतेक यंत्रांसमोर कुणीतरी कीबोर्ड घेऊन बसावं लागलं. तेव्हा मॉनिटर हवाच.

सर्व्हरना अजूनही बहुधा व्हीजीएचाच पोर्ट असतो आणि नव्या मॉनिटरना तो नसतो. व्हीजीएमधून एचडीएमआयकडे नेणारा अडॅप्टर लागेल. याच्या उलट दिशेचा दिसायला तसाच असतो आणि काडीच्या उपयोगाचा नसतो. ब्लूटूथचा कीबोर्ड नको, सेटअपचा पडदा त्याला ओळखणार नाही.

केव्हीएम स्विच वाईट नाही. बारा-पंधरा सर्व्हर असतील, किंवा दिवसातून चार वेळा त्यांच्यासमोर बसायचं असेल, तर रॅकच्या एका खणात मावणारा, पडदा-कीबोर्डसकट बाहेर ओढता येणारा कन्सोल फार सुखाचा. पण तुम्हाला चार सर्व्हर आहेत आणि वर्षातून दोनदा काम पडेल. स्वस्त स्विचमध्ये दुसरी अडचण : सर्व्हर बदलला की आधीच्या सर्व्हरला कीबोर्ड उपटून काढल्यासारखं वाटतं. परत आलात की तो कीबोर्ड नव्याने ओळखेपर्यंत सेटअपची कळ दाबायची वेळ निघून गेलेली असते. मग पुन्हा बंद, पुन्हा चालू. बरेचसे स्विच स्क्रोल लॉक दोनदा दाबून सर्व्हर बदलतात, आणि आता कित्येक कीबोर्डना ती कळच नसते.

आणि स्विचपायी घडलेली माझी दुसरी फजिती. तुमच्याकडे तीन लिनक्स आणि एक विंडोज आहे, म्हणून मुद्दाम सांगते. पडदा काळा होता. माझी पक्की समजूत की स्विच विंडोजवर आहे. विंडोज उठवायला आपण काय करतो? कंट्रोल-ऑल्ट-डिलीट. स्विच लिनक्सवर होता. लिनक्सला कन्सोलवरून त्या तीन कळा मिळाल्या की तो सरळ पुन्हा चालू व्हायला घेतो. डेटाबेस होता तो, आणि महिन्याचा शेवटचा दिवस. तेव्हापासून काळा पडदा मी फक्त शिफ्टने उठवते, आणि लिनक्सवर त्या तीन कळांचा तो अर्थ सिस्टमडीला सांगून बंद करून टाकते.

राहिलं रिमोट मॅनेजमेंट. सर्व्हरच्या बोर्डवर बीएमसी नावाचा एक छोटा स्वतंत्र संगणक असतो. सर्व्हर बंद असला तरी भिंतीची वीज असेपर्यंत तो जागा असतो, आणि सर्व्हरचा पडदा, कीबोर्ड, वीज सगळं त्याच्या हातात असतं. घरी बसून मॉनिटर बघता येतो. मी स्वतः रोज हेच वापरते, खोटं कशाला सांगू. पण त्याचे पाय बघा कशावर आहेत : नेटवर्कवर. पुष्कळ ठिकाणी तो सर्व्हरच्याच इथरनेट पोर्टमधून वाटा घेऊन चाललेला असतो, म्हणजे ती केबल निघाली की दोघंही गेले. त्याचा स्वतंत्र पोर्ट असेल तर तोच वापरा. तो कुठल्या स्विचला न लावता थेट लॅपटॉपला लावला तरी चालतो, दोन्हीकडे हाताने आयपी पत्ते द्यायचे. अशा रीतीने तोही थेट केबलचा कन्सोल होतो, आणि तुमच्या विंडोजसाठी हा उत्तम पर्याय आहे. फक्त घेण्याआधी दोन गोष्टी विचारा. काही कंपन्या पडदा दाखवण्याच्या सोयीसाठी वेगळा परवाना मागतात. आणि जुन्या सर्व्हरचा हा पडदा जावा अ‍ॅपलेटमधून उघडतो, जे आजचा कुठलाच ब्राउझर चालवत नाही. कधीकधी बीएमसी स्वतःच गोठतो, तेव्हा सर्व्हरची वीजकेबल उपटण्याशिवाय इलाज नसतो.

'वेगळं काही नको' म्हणणाऱ्या विक्रेत्याला ४ ऑक्टोबर २०२१ ची आठवण करून द्या. देखभालीच्या एका चुकीच्या आज्ञेने फेसबुकची डेटा सेंटरं जोडणारं जाळं तुटलं आणि सगळं काही सहा-सात तास बंद होतं. अडचणीच्या वेळेसाठी ठेवलेलं वेगळं नेटवर्कसुद्धा त्या वेळी चाललं नाही. शेवटी अभियंत्यांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष पाठवावं लागलं. एवढ्या मोठ्यांवरही पायी चालत जाण्याची वेळ आली, तर तुम्ही-आम्ही कोण?

सगळं लावून झालं की एखाद्या सुट्टीच्या दिवशी एका सर्व्हरची नेटवर्क केबल स्वतः काढा आणि केबलच्या कन्सोलवरून आत शिरून दाखवा. रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड आठवतो का, हेही तेव्हाच कळेल. एसएसएचच्या किल्ल्या वापरणाऱ्यांना तो आठवत नाही, आणि कन्सोलला किल्ली चालत नाही.

प्रश्न : तुम्ही मागे सांगितल्याप्रमाणे सीरियल केबल लावली. सर्व्हरकडून येणारं सगळं स्वच्छ दिसतं, लॉगिनची ओळही येते. पण मी टाइप केलेलं एक अक्षर जात नाही. केबल दोनदा बदलली.

उत्तर : केबल चांगली आहे, तिला उगाच दोष देऊ नका. तुमच्या प्रोग्राममध्ये 'हार्डवेअर फ्लो कंट्रोल' चालू आहे. मिनिकॉम या सीरियलच्या प्रोग्राममध्ये ते आधीपासूनच चालू असतं. म्हणजे तुमचा संगणक पलीकडून 'पाठव' असा इशारा यायची वाट बघत बसला आहे, आणि तुमच्या तीन तारांच्या केबलमध्ये तो इशारा वाहणारी तारच नाही. ते बंद करा, अक्षरं लगेच जातील.

अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं आणि चौकोन आले तर वेग जुळत नाही असं समजा. मधेच सगळं गोठलं तर चुकून कंट्रोल-एस दाबलं गेलं आहे, कंट्रोल-क्यू दाबा. आणि यातलं काहीच नसेल तर केबल सर्व्हरकडून काढून तुमच्या अडॅप्टरच्या पिन २ आणि ३ एका लहानशा तारेने जोडा. टाइप केलेलं परत पडद्यावर आलं तर अडॅप्टर निर्दोष आहे, गुन्हेगार पलीकडे शोधा. तार लावताना ५ नंबरला हात लावू नका.

प्रश्न : कन्सोल मिळाला की सर्व्हरवर कुणीही ताबा मिळवू शकतो असं ऐकलं. मग मुद्दाम कन्सोल लावून आपण चोरालाच वाट करून देत नाही का?

उत्तर : ज्याच्या हाती ससा तो पारधी. जो सर्व्हरला हात लावू शकतो तो ग्रबच्या मेन्यूतून पासवर्डाशिवाय आत जाऊ शकतो, नाहीतर डिस्कच काढून नेऊ शकतो. त्यावर उपाय म्हणजे खोलीला कुलूप, ग्रबला पासवर्ड आणि डिस्कवरचा मजकूर कूटबद्ध करणं. केबल न लावल्याने यातलं काहीच टळत नाही.

पण तुमच्या शंकेत एक खरी गोष्ट दडलेली आहे, जी अनुभवी लोकही विसरतात. एसएसएचची खिडकी बंद केली की लॉगिन संपतं. सीरियलची केबल उपटली तरी लॉगिन संपत नाही. पलीकडचा माणूस गेला हे कळवणारी तार तीन तारांच्या केबलमध्ये नसते, त्यामुळे सर्व्हरला वाटतं तुम्ही तिथेच बसला आहात. तुम्ही रूट म्हणून काम केलंत, केबल काढली आणि जेवायला गेलात, तर नंतर जो केबल लावेल तो थेट रूट. म्हणून काम झालं की आधी लॉगआउट, मग केबल. शिवाय शेलला, म्हणजे तुमच्या आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रामला, काही मिनिटं शांतता दिसली की त्याने स्वतःहून बाहेर पडावं, अशी मुदत घालून ठेवा. मी दहा मिनिटं ठेवते.

बीएमसीची भीती मात्र खरी बाळगा. आयपीएमआय २.० या नेटवर्कवरून हुकूम घेण्याच्या त्याच्या जुन्या पद्धतीत असा दोष आहे की वापरणाऱ्याचं नाव बरोबर सांगितलं की पासवर्ड न विचारता त्याचा हॅश, म्हणजे पासवर्डवरून काढलेला सांकेतिक ठसा, हाती येतो. मग घरी बसून तो निवांत फोडता येतो. हा दोष पद्धतीतच आहे, त्यामुळे एखाद्या अपडेटने जात नाही. गरज नसेल तर आयपीएमआय बंद करा, आणि बीएमसीला इंटरनेटचं वारंसुद्धा लागू देऊ नका.

प्रश्न : आमचे काही सर्व्हर शेजारच्या इमारतीत आहेत. साठ-सत्तर मीटर सीरियल केबल टाकली तर चालेल का? वेग कमी ठेवायची तयारी आहे.

उत्तर : अक्षरं पोचतील कदाचित. रूढ मर्यादा पंधरा मीटरची आहे, पण चांगली केबल आणि कमी वेग असेल तर ती ओलांडता येते. तरीही टाकू नका. आरएस-२३२ मध्ये दोन्ही टोकांचं ग्राउंड एकाच तारेने बांधलेलं असतं. दोन इमारतींचं ग्राउंड एका पातळीवर असेलच असं नाही, आणि तो फरक तुमच्या त्या बारीक तारेतून वाहू लागतो. पावसाळ्यात जवळपास वीज पडली तर दोन्हीकडचे पोर्ट जळतात. एकदा तर पोर्टबरोबर बोर्डही गेलेला मी पाहिला आहे. त्या इमारतीतच एक लहान संगणक ठेवा, सर्व्हरच्या केबली त्यात आणा, आणि दोन इमारतींच्या मध्ये फायबर घाला. काचेतून वीज वाहत नाही.